बिननावाचा वाटा

१

मी निवळलेलो नाही. हे आधीच लिहून ठेवतो, कारण घरात, शेजारीपाजारी आणि खाली मिरकरवाड्याच्या जेटीवर सगळे तसं बोलायला लागलेत. धाकू तांडेल म्हातारपणी गरीब झाला म्हणे. आवाज चढवत नाही म्हणे. खोटं आहे. मी होतो तसाच आहे. चौथीनंतर शाळा सुटली, माझं अक्षर बघून कोणाला हसायचं तर हसा, पण काय झालं ते मीच लिहिणार.

या सगळ्याचं मूळ पडवीतला कॉम्प्युटर.

घरात आम्ही तिघं. मी, बायको गंगूबाई आणि सून मृणाली. मुलगा हर्षद मालवाहू जहाजावर ऑफिसर आहे, वर्षातला निम्म्याहून जास्त काळ पाण्यावर. कॉम्प्युटर त्यानेच आणला, मृणालीसाठी. ती घरी बसून मुंबईच्या कंपनीचं काम करते. त्यासाठी माझ्या पडवीला ग्रील मारलं, काचा लावल्या. जिथे मी जाळी शिवायचो तिथे आता टेबल, फिरती खुर्ची आणि ते काळं खोकं. मला कोणी विचारलं नाही.

त्या दिवशी सकाळी जेटीवरून बांगडे घेऊन आलो तर ही मुलगी कॅलेंडरच्या पानामागे पट्टीने चौकोन आखत बसलेली. काय आहे म्हणून विचारलं. तर म्हणाली, ह्या मशीनला दोन सिस्टिम हव्यात. कंपनीचं काम विंडोजवर चालतं आणि ती जो कोर्स करतेय तो लिनक्सवर. डिस्क एकच आहे, म्हणून तिचे तुकडे पाडायचे. कोणाला किती, ते आधी कागदावर ठरवायचं, कारण एकदा पाडल्यावर बदलायला गेलं की आतलं सगळं पुसलं जायची भीती.

मी म्हटलं, दोन नांदत नसतील तर दोन मशिनी घ्या.

"नांदतात की, बाबा. फक्त एका वेळी एकच जागा असतो. मशीन चालू केली की विचारते, कोणाला उठवू. आपण बाण दाबून सांगायचं. नाही सांगितलं तर थोडं थांबून वरच्या ओळीतल्याला उठवते."

"आणि दुसरा?"

"दुसरा नसतोच तेव्हा. नुसता डिस्कवर पडून."

हे मला तेव्हाच पटलं नाही. पडून आहे म्हणजे आहे. नसतो कसा?

२

बोलणं तिथे संपायला हवं होतं. पण मी कागद ओढला. सगळी हयात मी वाटे करण्यात घालवली. मला वाटणी दिसली की हात गप्प बसत नाही.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. बोट लागली की आमच्यात मासळीचे वाटे वाळूवर पडायचे. बोटीचा, जाळ्याचा, खलाशांचे, आणि बोट हाकणाऱ्या तांडेलाचा. वाटे तांडेल करतो म्हणून आपला वाटा तो सगळ्यांच्या शेवटी उचलतो. आधी उचलला तर हात वाकडा पडला असं समजायचं. आणि घरातलं कोणी दुसऱ्या बोटीवर, पाण्यात असेल, तर त्याचाही वाटा काढायचा. त्यावर दगड ठेवायचा आणि मोठ्याने त्याचं नाव घ्यायचं. नाव घेतल्याखेरीज वाटा ठेवायचा नाही. माझा बापूस सांगायचा, बिननावाचा वाटा पडून राहू देऊ नये, उचलणारे पुष्कळ असतात. कोण उचलणारे, असं मी लहानपणी विचारलं तेव्हा कानाखाली बसली होती. पुन्हा विचारलं नाही.

तर कागदावर बघतो, विंडोजला मोठा तुकडा, लिनक्सला मध्यम, आणि दोघांनी मिळून वापरायला एक सामाईक. संपली डिस्क. मी विचारलं, हर्षदचा कुठे आहे?

ती म्हणाली, त्याच्याकडे जहाजावर त्याचा लॅपटॉप आहे.

मला संताप आला. ज्याने पदरचे घालून मशीन आणली, जो मेहनतीला पाण्यावर गेलाय, त्यालाच वाटा नाही? ही कुठली वाटणी? गंगूबाई आतून म्हणाली, "अहो, भांडा, पण जेवून भांडा. बांगडे निवतायत." मी जेवलो नाही. संध्याकाळचा चहाही घेतला नाही. शेवटी मृणालीनेच कागद आणला आणि टोकाला एक चौकोन काढून दाखवला. एवढी जागा मोकळी सोडते, म्हणाली, झालं समाधान?

"नाव घाल."

"मोकळ्या जागेला नाव घालता येत नाही, बाबा. आधी ती फॉरमॅट करावी लागते, मग नाव. ही नुसती सोडलेली जागा. हर्षद आला की त्याचं तो बघेल."

मी मान हलवली. तिथेच चुकलं, आणि आता घरातले म्हणतात की वाटा मी मागितला. मागितला. पण नाव घाल असंही मीच सांगितलं होतं.

३

तिने दोन दिवस खपून सगळं बसवलं. मशीन चालू केली की काळ्या पडद्यावर दोन ओळी यायच्या. वरची विंडोज, खालची लिनक्स. एका ओळीवर पांढरा पट्टा. तो बाणाने वरखाली करायचा. मला बघायला बरं वाटे, खोटं कशाला बोलू. जेवण झालं की मी उंबऱ्यात बसून बघायचो.

एक दिवस सकाळी मृणाली मशीन चालू करून आत पाणी प्यायला गेली. पट्टा वरच्या ओळीवर होता. माझ्या डोळ्यांदेखत तो खाली सरकला. दुसऱ्या ओळीवर आला. मग आणखी खाली, जिथे ओळ नव्हती, तिथे जाऊन थांबला. पट्टा होता आणि त्यावर अक्षर नव्हतं.

मग पडदा काळा झाला. खोक्यातला पंखा मात्र घरघरत राहिला, एखादा माणूस भरल्या पोटी झोपल्यावर घोरतो तसा.

मृणाली आली, बटणं दाबली, हँग झाली म्हणाली. मी पट्ट्याचं सांगितलं. तिने माझ्याकडे बघितलं आणि मोतीबिंदूच्या ऑपरेशनचा विषय काढला. माझे डोळे खडकावरचं कालव लांबून ओळखतात.

त्या दुपारी गंगूबाईने चार ताटं घेतली.

मी म्हटलं, कोण येणार आहे गो? तिने ताटांकडे पाहिलं, जरा थबकली, एक ताट परत फळीवर ठेवलं. हाताला सवय, म्हणाली. कसली सवय? हर्षद जाऊन पाच महिने झाले होते.

मी हट्टाला पेटलो तेव्हा मारुती मंदिराजवळच्या दुकानातला विनीत मशीन बघायला आला. कानात गाणी ऐकायचं कसलंतरी बोंड, तोंडात च्युइंगम. त्याने चालूबंद करून पाहिली. दोनच ओळी. माझ्याकडे बघून हसला. मग डिस्कचं चित्र काढलं पडद्यावर, रंगीत पट्टी, तुकडे पाडलेली. टोकाच्या तुकड्यावर बोट ठेवून त्याचं चघळायचं थांबलं.

हा मोकळा सोडलाय ना, असं त्याने मृणालीला विचारलं. ती हो म्हणाली. तर म्हणे, ह्यावर काहीतरी लिहिलं गेलंय. काय ते वाचता येत नाही, पण निम्म्याच्या वर भरलाय.

मी म्हटलं, "कोण भरतंय?"

"कोणी नाही ओ, आजोबा. मोकळी जागा म्हणजे काही नसतं. दाखवायला चुकत असेल." आणि पिशवी उचलून चालता झाला. च्युइंगम माझ्या तुळशीत टाकून गेला, ते वेगळं.

४

हर्षदचा फोन रोज दुपारी यायचा, जेवणं उरकल्यावर. त्या आठवड्यात तो चुकायला लागला. संध्याकाळी करायचा आणि आवाज जड. विचारलं तर म्हणे, झोप लागली. एकदा वॉचवर झोपला. वॉच म्हणजे जहाज राखायची पाळी. वरिष्ठाने झापलं. लोकांनी हलवून उठवलं तरी जाग येईना म्हणे.

मी त्याला फोनवरच सोलला. तांडेलाचा मुलगा, आणि पाळीवर झोपतोस? मी भर उधाणात कधी डोळ्याला डोळा लावला नाही. गंगूबाईने माझ्या हातातून फोन घेतला. पोराला बोलू तरी द्या, म्हणाली. पण तो झोपेबद्दल काही बोललाच नाही. म्हणाला, "आई, आज कुळथाचं पिठलं केलं होतंस ना?"

केलं होतं. तिला त्यात नवल वाटलं नाही. आईला वाटतच नाही. मला वाटलं.

मग मी लक्ष ठेवायला लागलो. मला दुसरा धंदा काय आहे. ज्या दुपारी तो पंखा आपोआप घरघरायचा त्या दुपारी हर्षदचा फोन यायचा नाही. त्या दुपारी गंगूबाई भात जास्त टाकायची. मृणाली पडवीतून येताना दार अर्धवट लोटून यायची, आत कोणी आहे म्हणून उघडं ठेवल्यासारखं. फिरती खुर्ची टेबलात सारून ठेवली तरी बाहेर ओढलेली सापडायची. पंखा थांबला की तासाभरात फोन वाजायचा आणि हा जड आवाजात म्हणायचा, झोप लागली.

वारा असेल. मांजर असेल. मी स्वतःला हे सगळं सांगून पाहिलं. मी काही रामरक्षा म्हणत हिंडणारा माणूस नाही, वादळात देवाला शिव्या घातलेल्या आहेत. पण मृणालीचंच वाक्य डोक्यात किड्यासारखं फिरत होतं. एका वेळी एकच जागा असतो.

मी तिला म्हटलं, तो तुकडा बुजव. ती म्हणाली, हिशेबाचे दिवस आहेत, कंपनीचं काम तुंबलंय, आता डिस्कला हात लावला तर नोकरी जाईल. मी आवाज चढवला. ती रडायला लागली. गंगूबाई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. ह्या घरात खरं बोलणाऱ्याची ही किंमत.

५

मंगळवारी सासूसुना भगवतीला गेल्या, किल्ल्यावर. मी ओटीवर आडवा झालो होतो. बाहेर टळटळीत ऊन. बर्फाच्या कारखान्याचा भोंगा नुकताच वाजून गेला होता.

पंखा घरघरला.

नेहमीपेक्षा मोठा. मी उठलो. दार लोटलेलं होतं, ते पायाने उघडलं.

खुर्चीत हर्षद बसला होता, माझ्याकडे पाठ करून. पाठ त्याचीच. मानेवर लहानपणी गळ अडकल्याचा व्रण आहे, तोसुद्धा. केस कापायला झालेले. पडदा काळा, पण काचेतून येणारं ऊन त्या खुर्चीपाशी येऊन जरा अलीकडेच थांबल्यासारखं दिसत होतं.

माझ्या तोंडून पहिल्यांदा काय निघालं ते लिहितो, लाज वाटत नाही. "न कळवता आलास? आवशीला तरी हाक मारायची. चोरासारखा काय बसलायस?"

मी आणखी चढलो. बाप उभा आहे, मान तरी वळव, जहाजावर रीतभात समुद्रात टाकलीस का. बोलत होतो, पण आतून कळत होतं की मला त्याने वळायला नको आहे. म्हणूनच मी बोलत होतो.

त्याने हात मागे केला. तळवा उघडा, वरच्या बाजूला. वाळूवर वाटा घ्यायला खलाशी करतो तसा. मी तळव्याकडे बघितलं. चुना मारलेल्या भिंतीसारखा कोरा. रेघ नाही, घट्टा नाही, काही नाही. तिथे अजून काही लिहिलेलं नव्हतं.

आणि खुर्ची वळायला लागली.

पूर्ण वळली नाही. मला कान दिसला, गाल दिसला, नाकाचा शेंडा. चेहऱ्याची अलीकडची बाजू हर्षदची होती. पलीकडची व्हायची होती.

मी भिंतीवरचा मेन स्विच खाली पाडला. दिवा विझला, छताचा पंखा थांबला. खोकं थांबलं नाही. खाली बॅटरीचा डबा असतो, लाइट गेली तरी मशीन चालू ठेवायला, तो टीं टीं करत बसला. मी वाकून सगळ्या वायरी ओढल्या. वर बघितलं तेव्हा खुर्ची रिकामी होती.

पंखा घरघरतच होता. वायर माझ्या हातात होती.

६

सासूसुना परतल्या तेव्हा मी पडवीच्या दारातच उभा होतो. मृणालीच्या कानाला फोन आणि तोंड पांढरं. जहाज कंपनीच्या मुंबई ऑफिसचा माणूस बोलत होता. हर्षद केबिनमध्ये झोपलेला सापडला. श्वास चालू, नाडी चालू, उठत नाही. जहाज कोलंबोच्या जवळ आहे, तिथे उतरवून हॉस्पिटलात नेतायत.

गंगूबाई खाली बसली. मी मृणालीचा दंड धरला.

"त्या तुकड्याला नाव घाल. आत्ता."

"बाबा, तुमचं डोकं ठिकाणावर आहे का? हर्षद तिथे..."

"तो तिथे निजलाय, कारण इथे दुसरा जागा आहे. एका वेळी एक. तूच सांगितलंस."

तिने माझ्याकडे बघितलं. मग घरघरणाऱ्या खोक्याकडे, जमिनीवर पडलेल्या वायरींकडे. त्यानंतर वाद घातला नाही. तिचं मन तेव्हा कशाने फिरलं मला ठाऊक नाही, पण मुलगी धीराची. मी तिला खुर्चीत बसू दिलं नाही. उभ्यानेच कर म्हटलं. तिने वायरी जोडल्या, मशीन पुन्हा उठवली, बाण दाबून लिनक्सची ओळ धरली. ती रंगीत पट्टी पडद्यावर आली. टोकाचा तुकडा काठोकाठ भरलेला.

"फॉरमॅट करतेय," म्हणाली. "नाव विचारतंय. हर्षद घालू?"

मी हो म्हणणारच होतो. तोंड उघडलं होतं. तेवढ्यात खुर्ची जराशी आमच्याकडे वळली. कोणी कान देऊन ऐकतो तशी.

मग माझ्या ध्यानात आलं. वाटा त्या दुसऱ्याने उचलायला घेतलाच होता. चेहरा होत आला होता. राहिलं होतं फक्त नाव, आणि ते मी आपल्या तोंडाने द्यायची तो वाट बघत होता. दिलं असतं तर जो तिकडे जहाजावर निजलाय त्याला उठायला कुठलं नाव उरलं असतं?

पण नाव घातल्याशिवायही चालणार नव्हतं. बिननावाचा ठेवून काय होतं ते बघून झालं होतं.

"धाकू," मी म्हटलं.

"बाबा..."

"धाकू घाल. वाटे मी केले. उरलेला माझा."

तिने घातलं. पंखा थांबला. बंदरावरच्या बोटींचा आवाज एकदम ऐकू यायला लागला, जणू इतके दिवस कोणी दार लावून घेतलं होतं.

हर्षद संध्याकाळी उठला. डॉक्टरांनी त्याला काहीतरी लांबलचक नाव दिलं. दुसऱ्या दिवशी त्याचा फोन आला, आवाज मोकळा. मला म्हणाला, "बाबा, काय घाण स्वप्न पडलं. मी पडवीत बसलोय आणि तुम्ही दारात उभे राहून मला शिव्या घालताय. मी नुसता हात मागे केला, तर तुम्ही लाइटच घालवलीत."

मी म्हटलं, नीट झोपत जा.

७

हर्षद आता घरी आहे. सुट्टी मोठी मिळाली. मी त्याचा तळहात धरून उजेडात बघितला, सगळ्या रेघा जागच्या जागी आहेत. तो हसला. सगळं नीट झालं असं सगळे म्हणतात.

मला हल्ली दुपारी झोप लागते. मला दुपारी कधी झोप लागत नसे. उठतो तर दिवेलागण झालेली असते आणि गंगूबाई म्हणते, आज तुम्ही तिसरा भात घेतलात, बरं वाटलं. मी जेवलेलो नसतो. जेटीवर रामा खलाशी म्हणतो, काल तुम्ही किती गोड बोललात, आमच्या पोरांना जवळ बसवून गाठी मारायला शिकवलंत. मी काल जेटीवर गेलो नाही. आणि ती पोरं माझ्या बोटीच्या दोऱ्या चोरतात, त्यांना मी जवळ बसवीन?

गंगूबाई परवा शेजारणीला सांगत होती की आमचे हे निवळले. लग्नाला इतकी वर्षं झाली, हिने माझ्याबद्दल इतक्या मायेने बोललेलं मी ऐकलं नव्हतं. ते माझ्याबद्दल नव्हतंच.

हे मी पंखा बंद असताना लिहितो. आधी पडवीत जाऊन कान लावतो, मग लिहायला बसतो. मध्येच अक्षर सुबक झालं तर पुढचं वाचू नका.

आज सकाळी मृणाली मशीन चालू करत होती. मी उंबऱ्यातून बघितलं. तीन ओळी होत्या. माझं नाव इंग्रजीत असलं तरी मला ओळखता येतं, बोटीवर तसंच रंगवलेलं होतं. ते सगळ्यात वर होतं, आणि पांढरा पट्टा त्याच्यावर.

मी विचारलं, हे वर कोणी घेतलं?

ती वळली आणि माझ्याकडे बघून हसली, हल्ली सगळेच हसतात तशी. "तुम्हीच नाही का काल दुपारी येऊन सांगितलंत? माझं नाव वर घे म्हणालात. कोणी नाही सांगितलं तर आपोआप त्यालाच उठव, असं."

मी असलं काही सांगितलेलं नाही. सबंध आयुष्य वाटे केले. तांडेल आपला वाटा पहिला उचलत नाही.